रविवारची पावती आणि शाळेपुढचा पंचवीसचा फलक

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातून, वेंगुर्ला रस्त्यालगतच्या एका गावातून एका पालकांचे पत्र आले आहे. त्यातील मुख्य भाग असा:

“भाजीपाला वाहतुकीसाठी माझा छोटा हत्ती आहे. मुलगी गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीला आहे आणि मी शाळा सुधारणा समितीचा सदस्य आहे. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी रताळी मार्केट यार्डात उतरवून रिकामी गाडी घेऊन येताना, दुपारी दोनच्या सुमारास, आमच्याच शाळेपुढे स्पीड गनमध्ये माझा वेग 41 सापडला आणि मोबाईलवर हजार रुपयांचे चलन आले. फलकावर 25 आहे, हे मान्य. पण शाळेला कुलूप होते. आता समितीने ‘शाळेपुढे कायमस्वरूपी स्पीड गन लावावी’ असा अर्ज रहदारी पोलिसांना देण्याचे ठरवले असून त्यावर माझी सही मागितली आहे. गावातील निम्मे लोक म्हणतात की ही सरळ वसुली आहे आणि एमएच पासिंगच्या गाड्या व मराठी माणसे बघून ती केली जाते. मी दंड भरावा की नाही? सही करावी की नाही? केली तर लोक हसतील, नाही केली तर मुलीला काय सांगू?”

सप्रेम नमस्कार.

सही करा, पण अर्जाचा मजकूर आहे तसा ठेवून नको. दंडाच्या बाबतीत आधी चलन नीट तपासा आणि ते खरे निघाले तर मुकाट्याने भरून टाका. तुमच्या प्रश्नांची उत्तरे एवढीच आहेत. मात्र अर्जात काय बदलायचे, हे ठरवण्यासाठी तुमच्या गावातील त्या निम्म्या लोकांचे म्हणणे तुम्ही, मी आणि तुमच्या समितीनेही गांभीर्याने घेतले पाहिजे. ते चुकत असतील तर अर्धेच चुकतात.

आधी तुमच्या 41 विषयी. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 7 मीटर पुढे सरकते. समोर मूल आलेले दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, रस्ता कोरडा आहे आणि ब्रेक चांगले आहेत असे धरले, तर ती गाडी साधारण साडेदहा मीटरमध्ये उभी राहते. ताशी 41 ने जाणारी गाडी त्याच पहिल्या सेकंदात 11 मीटरहून अधिक अंतर कापते. याचा अर्थ असा की, पंचवीसची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे तुमच्या गाडीचा ब्रेक अजून लागायलाही सुरुवात झालेली नसते आणि ती पूर्ण 41 च्याच वेगात असते. थांबायला तिला एकूण 20 ते 21 मीटर लागतात. मागे रताळ्यांची पोती भरलेली असतील किंवा आपल्याकडचा जुलैचा पाऊस असेल तर त्याहूनही जास्त. आणि या घाईत वाचले काय? शाळेपुढचा टप्पा 300 मीटरचा धरला तर 25 ने 43 सेकंद लागतात आणि 41 ने 26. सतरा सेकंद. मार्केट यार्डाच्या फाटकावर आपण सगळे याच्या कितीतरी पट वेळ हुज्जतीत घालवतो.

‘पण शाळा बंद होती’ हे तुमचे म्हणणे मला पटते. कायद्याला मात्र ते आपोआप पटत नाही. फलकावर वेळ लिहिलेली नसेल तर ती मर्यादा चोवीस तास आणि सातही वार लागू असते. हा दोष तुमचा नसून फलक लावणाऱ्यांचा आहे, आणि म्हणूनच तो अर्जात यायला हवा. त्याकडे मी पुढे वळतो.

आता चलन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 मध्ये अतिवेगासाठी दंड सांगितला आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनांसाठी तो एक ते दोन हजार रुपये आहे, म्हणजे तुम्हाला कमीत कमी रक्कमच लागली आहे. याच कलमात एक अतिशय उपयोगी वाक्य आहे, जे रस्त्यावर सहसा कोणी सांगत नाही: केवळ एका साक्षीदाराला ‘गाडी वेगात वाटली’ म्हणून कोणालाही दोषी धरता येत नाही, वेगाचा अंदाज यंत्राने घेतलेला असावा लागतो. पुढे 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने नोंदवलेल्या गुन्ह्याच्या चलनासोबत गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि मोडलेले कलम असले पाहिजे. नोटीस 15 दिवसांच्या आत निघाली पाहिजे. यंत्राला राज्य सरकारने नेमलेल्या प्राधिकरणाचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे. शिवाय त्या टप्प्याच्या आधी वाहनचालकांना सूचना देणारा फलक ठळकपणे लावलेला असला पाहिजे, असे हा नियम सांगतो. त्यातच 1 जुलै 2025 पासून वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांनाही वजनमापे कायद्याखाली पडताळणी आणि शिक्का आवश्यक झाला आहे. रविवार पेठेतील व्यापाऱ्याच्या काट्याला जो न्याय, तोच आता पोलिसांच्या गनला.

तेव्हा ई-चलनाच्या संकेतस्थळावर गाडी क्रमांक टाकून फोटो उघडा. गाडी तुमची, वेळ खरी आणि आकडा 41 असेल, तर भरा. त्यात काही बसत नसेल तर लेखी हरकत घ्या. सरकार पुन्हा निम्म्या दंडाची सवलत जाहीर करील म्हणून थांबू नका, एवढे मात्र आवर्जून सांगतो. कर्नाटकात 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये थकीत दंडावर 50 टक्के सूट दिली गेली, लोकांनी रांगा लावून पैसे भरले आणि बरीच थकबाकी वसूल झाली. माझ्या मते दंडाचा धाक कमी करायला या सवलतींनी जेवढा हातभार लावला तेवढा दुसऱ्या कशानेही लावला नसेल. दिवाळीच्या सेलसारखा दंड विकायला काढल्यावर गावकऱ्यांनी त्याला वसुली म्हटले, तर त्यांना कोणत्या तोंडाने चूक म्हणायचे?

आणि आता मूळ आक्षेपाकडे. दंडाचे पैसे रहदारी पोलीस स्थानकात राहत नाहीत. राज्यघटनेच्या अनुच्छेद 266 प्रमाणे सरकारचा महसूल राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तिथून अर्थसंकल्पातून वाटला जातो. त्यामुळे ‘साहेबांचे घर चालते’ हा आरोप ई-चलनाला लागू पडत नाही. तो लागू पडतो बिनपावतीच्या तोडपाण्याला, आणि त्या व्यवहारात गाडीवाल्याचाही हात असतो. पण पैसे एकत्रित निधीत जाण्याला दुसरी बाजूही आहे. तुमच्या शाळेपुढे गोळा झालेल्या दंडातून तुमच्या शाळेपुढचा झेब्रा पट्टा रंगवला जात नाही. वर्षभर पावत्या फाडल्या जातात आणि पट्टा पुसट तो पुसटच राहतो. वसुलीचा संशय इथे जन्मतो, आणि तो निराधार नाही.

हा संशय खरा की खोटा, हे भांडून ठरत नाही. पावत्या कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी फाडल्या गेल्या, ते पाहिले की कळते. गन मुलांसाठी असेल तर ती सकाळी शाळा भरण्याच्या अर्ध्या-पाऊण तासात आणि संध्याकाळी सुटण्याच्या वेळी उभी दिसेल; पैशांसाठी असेल तर रविवारी दुपारी, रस्ता मोकळा आणि गाडी सैल सुटलेली असताना झाडाच्या सावलीत उभी दिसेल. दुसरी कसोटी काही महिन्यांनी लागते. रोज त्याच रस्त्याने जाणारे दूधवाले, रिक्षावाले, शिक्षक आणि तुमच्यासारखे भाजीवाले दोन-तीन पावत्यांत शहाणे होतात, म्हणून स्थानिक गाड्यांची चलने महिन्यागणिक घटली पाहिजेत. वेंगुर्ला रस्त्यावर चंदगड आणि सिंधुदुर्गातून येणारी नवखी वाहने कायम असल्यामुळे एकूण आकडा शून्यावर येणार नाही, हे खरे. पण केए 22 च्या, म्हणजे बेळगाव पासिंगच्या गाड्यांच्या चलनांचा आकडा वर्षभर तसाच राहिला, तर गाड्यांचा वेग कमी झालेला नाही, नुसते पैसे जमले आहेत, असा त्याचा अर्थ.

एमएच पासिंग आणि मराठी माणूस, या आरोपाविषयी. आपल्या भागात भाषेचा सल जुना आहे आणि तो मी थट्टेवारी नेणार नाही. हवालदार गाडी अडवतो तेव्हा पासिंग बघून अडवतो, असे अनुभव अनेकांनी सांगितले आहेत. परंतु हा आक्षेप यंत्राच्या विरोधात जात नाही, तो यंत्राच्या बाजूने जातो. गनला पासिंग कळत नाही आणि काचेवरचा भगवा झेंडाही दिसत नाही. गाडी निवडून थांबवणारा माणूस मधून जितका बाजूला होईल, तितकी पक्षपाताची जागा कमी होईल. फलकाच्या बाबतीतही तसेच आहे. लाल वर्तुळातला 25 हा आकडा कन्नड, मराठी आणि मालवणी माणसाला सारखाच वाचता येतो. उलट ‘मुंदे शाले इदे, निधानवागि चलिसि’ (पुढे शाळा आहे, सावकाश चालवा) एवढेच लिहिलेली पाटी किंवा मुलांचे चित्र असलेला त्रिकोण हा फक्त इशारा असतो, वेगमर्यादा नव्हे. मर्यादा लागू करायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 प्रमाणे राजपत्रात अधिसूचना लागते आणि जागेवर लाल वर्तुळाचा फलक लागतो. तुमच्या गावात फलक आहे. अधिसूचना आहे का, हे विचारून घ्या.

मागच्या आठवड्यात, तुमच्या पत्रानंतर, मी त्याच रस्त्यावरच्या एका शाळेपुढे सकाळी पाऊण तास उभा होतो. एका बाजूला उसाच्या दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर संथपणे चालला होता आणि त्याला ओलांडण्यासाठी मागची मोटार उजवीकडे डोके काढत होती. तिसरी-चौथीतली एक मुलगी रस्त्याच्या कडेला आली. तिने उजवा तळहात गाड्यांच्या दिशेने धरला, जसा मोठ्यांनी शिकवलेला असतो तसा, आणि पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघत चालू लागली. गाडीकडे तिने एकदाही पाहिले नाही. हात दाखवला म्हणजे गाडी थांबणारच, हा तिचा विश्वास. त्या वयाच्या मुलाला गाडी किती लांब आहे हे कसेबसे समजते, ती किती वेगाने येते आहे हे समजत नाही, त्यामुळे ‘मुलांना शिस्त लावा’ हे उत्तर तिथे पुरे पडत नाही. ट्रॅक्टर थांबला. मोटारीचे टायर वाजले आणि तीही थांबली. मुलगी पलीकडे जाऊन बोलत बोलत आत गेली. तिला काही झाल्याचे जाणवलेही नाही. आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी: त्या पाऊण तासात माझ्या डोळ्यांदेखत सर्वांत बेफाम आलेल्या दुचाकींपैकी तिघांच्या मागे दप्तर लावलेले मूल बसले होते. वसुलीची तक्रार करणाऱ्यांनी आणि गनची मागणी करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

त्या मोटारीला त्या क्षणी गनने काही केले नसते. चलन दोन दिवसांनी मोबाईलवर आले असते. म्हणून तुमच्या अर्जातील क्रम मला उलटा वाटतो. गनच्या आधी रस्ता. गतिरोधक पावती फाडत नाही, त्याला सुट्टी नसते, तो कोणाचे पासिंग बघत नाही आणि त्याच्यावर वसुलीचा आरोप कोणी करू शकत नाही. पण तो गतिरोधक असावा. आपल्याकडे रातोरात टाकतात तसा अर्धा फूट उंचीचा डांबराचा गोळा नको, ज्याच्यावरून जाताना गरोदर बाईला उतरून चालावे लागते आणि दुचाकीवाला रात्री आपटतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनेत गोलाकार गतिरोधकाचे माप 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असे दिलेले आहे, आणि ते माप ठरवताना गाडी ताशी 25 किलोमीटरने सुखाने पार होईल हेच धरलेले आहे. म्हणजे तुमच्या फलकावरचा आकडा आणि हे माप एकमेकांसाठीच बनलेले आहेत. त्यावर पांढरे पट्टे आणि आधी सूचनाफलक हवा. राष्ट्रीय महामार्गावर असे गतिरोधक मिळत नाहीत, म्हणून रस्ता कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावे. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम खाते, गावरस्ता असेल तर पंचायत राज अभियांत्रिकी विभाग. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला व कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंडाची तरतूद 2019 पासून कलम 198अ मध्ये आहे. दंड एकट्या गाडीवाल्यालाच होतो असे समजायचे कारण नाही.

गन नकोच, असे मी म्हणत नाही. गतिरोधक एका जागी वेग तोडतो, पुढे शंभर मीटरवर गाडी पुन्हा उधळते. जिथे पादचारी आणि वाहने एकत्र वावरतात तिथे ताशी 30 हून अधिक वेग नसावा, असे 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी म्हटले आहे, आणि तो वेग पाळला जातो की नाही हे मोजल्याशिवाय कसे कळणार? म्हणून अर्जात गन ठेवा, पण अटींसह: ती शाळेच्या दिवशी, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी असावी, फलकाखाली शाळेच्या वेळा लिहिलेली जोडपट्टी असावी, जेणेकरून रविवारी दुपारी 41 ने जाणाऱ्यावर भलताच अन्याय होणार नाही, आणि त्या जागेच्या चलनांची संख्या, वार आणि वेळेसह, दर तीन महिन्यांनी शाळा सुधारणा समितीला कळवावी. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे आणि तीच काढून टाकण्याचा आग्रह होईल.

अर्ज रहदारी पोलिसांबरोबरच जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीलाही द्या, कारण गन पोलिसांकडे आणि रस्ता दुसऱ्याकडे असल्याने दोघे एकत्र बसतात ती जागा तीच. अर्ज मराठीत चालेल का, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी समितीत निघेलच. अनुच्छेद 350 प्रमाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, तेव्हा मूळ अर्ज खुशाल मराठीत द्या. सोबत कन्नड भाषांतर जोडा. त्यात कमीपणा काही नाही, आणि ‘भाषांतरासाठी प्रलंबित’ असा शेरा मारायला कारण उरत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र वेगळा आहे. तो इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करता येतो, म्हणून तो कन्नडमधून करा, दहा रुपये शुल्क भरा आणि कर्नाटकच्या नियमाप्रमाणे एकाच विषयावर 150 शब्दांत आटपा. विचारायचे इतकेच: या ठिकाणच्या वेगमर्यादेच्या अधिसूचनेचा क्रमांक, यंत्राचे चालू प्रमाणपत्र, आणि गेल्या वर्षभरातील चलने वार व वेळेनुसार. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. त्या कागदावर रविवारच्या दुपारची रांग दिसली, तर गावातले निम्मे लोक खरे ठरतील आणि तुमच्या अर्जाला बळ येईल. सोमवार-मंगळवारची सकाळ दिसली, तर त्यांचे तोंड आपोआप बंद होईल.

हसण्याची भीती तेवढी राहिली. ग्रामसभेत कोणी काढायच्या आधी तुम्हीच सांगा की, होय, मी 41 वर सापडलो, हजार रुपये भरले, ही पावती. गाडी चालवणारा, दंड भरलेला आणि शाळेत मूल असलेला माणूस अर्जावर पहिली सही करतो आहे, हे पाहिल्यावर वसुलीची ओरड करणाऱ्यांना तुमच्याशी वाद घालणे अवघड जाईल, कारण तुम्ही त्यांच्याच रांगेतले आहात. मुलीलाही तेच सांगा, आणि आकड्यांसकट सांगा. चौथीच्या मुलीला साडेदहा मीटर म्हणजे किती, हे अंगणात पावले टाकून दाखवता येते.

एक घाई मात्र करा. पट्टे आणि गतिरोधकाची मागणी एप्रिलअखेरपर्यंत खात्याच्या टेबलावर पोचली पाहिजे. आपल्या पश्चिम भागात जूनच्या मध्यानंतर रस्त्यावर रंग धरत नाही, आणि शाळा तर त्याआधीच भरलेली असते.